ऐकलेलं मेण

१

"पहाटे तीनला उठलो, ढोल खांद्यावरून वाहिला, गाडीत तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसलो, आणि इथं आल्यावर हातात काय दिलं, तर लाकडाचा ठोकळा," स्कीट ओडम ऑर्फाच्या मानेमागे पुटपुटला. "मी काय सुतार आहे?"

खोली इतकी अरुंद होती की त्याचं कोपर तिच्या पाठीत रुतत होतं. ऐकू आलं नाही असं सोंग घ्यायचीही सोय नव्हती. ऑर्फा टिलरीने पियानोवरचे हात न उचलता त्याला समजावलं, की ढोल घुमला की मेणावरची सुई उडते, म्हणून साहेबांनी बंदी घातली आहे.

"ढोलाचं समजलं हो. पण झांजही नको? ब्रेकला झांज नसली तर पापांचं..."

स्कीटने एकदम जीभ चावली आणि ठोकळ्यावर नसलेली धूळ फुंकायला लागला. ऑर्फानेही पुढे काही विचारलं नाही. न विचारण्याची सवय त्या बँडमध्ये सगळ्यांनाच लागली होती.

१९२३चा एप्रिल होता. इंडियानातल्या मिलर्सफर्ड गावात, हॉलनबेक पियानो कारखान्याच्या मागच्या अंगाला, रेल्वेच्या रुळांना खेटून ही खोली होती. भिंतींवर जाड गालिचे टांगलेले. एका भिंतीतून पत्र्याचा मोठा कर्णा बाहेर आलेला, आणि त्या भिंतीपलीकडच्या खोलीत गरम मेणाची जाड तबकडी फिरायची. समोर जे वाजेल ते कर्ण्याने गिळायचं आणि सुईने मेणात कोरायचं. ओझेम गिड्रीचा सातजणांचा 'फेरीघाट बँड' आज पहिल्यांदाच तबकड्या भरायला शिकागोहून आला होता.

गिड्रींना सगळे पापा म्हणत. वय बावन्न, देह दारात मावणार नाही असा. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर त्यांनी कॉर्नेट ही आखूड तुतारी फुंकली की नदीपलीकडच्या नाचघरातली माणसं होडी शोधायला निघत, अशी ख्याती. ही ख्याती न्यू ऑर्लिन्सच्या प्रत्येक कॉर्नेटवाल्याला असतेच. पण पापांची ऑर्फाने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या कानांनी पडताळली होती. मेम्फिसच्या चर्चने असली पापी गाणी वाजवते म्हणून तिला पेटीवरून उठवलं, तेव्हा चाळिशीच्या विधवेला बँडमध्ये घेणारा हा एकच माणूस निघाला होता.

केसलर नावाचा गोरा साहेब मेणाची बाजू सांभाळायचा. पोरांनो, पोरांनो म्हणत त्याने सगळ्यांना खोलीत बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखं मांडलं. ज्याचा आवाज मोठा तो लांब, ज्याचा बारीक तो कर्ण्याजवळ. दुसरा कॉर्नेटवाला लुशियस टार्व्हर मागे मागे सरकत पार दाराबाहेर, बोळात जाऊन उभा राहिला, बारा पावलं. पापांनाही केसलरने आधी मागेच ठेवलं होतं. मग दोन पावलं पुढे घेतलं. मग आणखी तीन. शेवटी पापांचं नाक कर्ण्यात शिरायचं बाकी राहिलं.

"म्हाताऱ्याला शेकोटीजवळ बसवताहेत," पापा म्हणाले, आणि सगळे गरजेपेक्षा जरा जास्तच हसले.

मग पापांनी नेहमीप्रमाणे खिशातून निळ्या काठाचा रुमाल काढला आणि कॉर्नेटवर, बोटं झाकतील असा पसरला. ही न्यू ऑर्लिन्सची जुनी रीत. बोटं दिसली की समोरचा कॉर्नेटवाला चाल उचलतो. इथे समोर एक पत्र्याचा कर्णा होता, त्याला डोळे नव्हते. पण रीत ती रीत.

आधी केसलरने एक चाचणीचं मेण कोरलं. ते वाजवून दाखवायच्या आधी त्याने बजावलं, की नीट ऐका, कारण मेण एकदा ऐकलं की मेलं. सुई त्याच्या रेघा खाते, मग त्याचा साचा निघत नाही. हे फक्त जागा ठरवण्यासाठी. खऱ्या मेणांना कुणी ऐकायचं नसतं, ती तशीच साच्याला जातात.

पापा तेवढ्यात मागच्या अंगणातल्या पंपावर मिठाच्या पाण्याने चुळा भरायला गेले होते. परतले तेव्हा तबकडी निम्मी वाजून झाली होती. केसलरची हलकी सुई कशी टेकते, कशी उचलते, ते डोळे बारीक करून बघत राहिले. संपल्यावर म्हणाले, "परत एकदा लावा की."

सगळे पुन्हा हसले. केसलरसुद्धा.

दुपारपर्यंत तीन खरी मेणं झाली. तिसरं 'फेरीघाट', पापांची स्वतःची चाल. तिच्या मधोमध ब्रेक होता: सगळा बँड श्वास रोखल्यासारखा थांबतो आणि दोन कॉर्नेटं एकटीच कड्यावरून उडी मारतात. याच उडीसाठी नाचघरात लोक पैसे मोजत.

तिन्ही मेणं गरम कपाटात ठेवून केसलर घरी जेवायला गेला. एकला परतला, कपाट उघडलं, आणि त्याची हाक कारखान्याच्या पुढच्या फाटकापर्यंत गेली.

'फेरीघाट' मेलं होतं.

२

मेणाच्या रेघा नव्या असतात तेव्हा रेशमी फितीसारख्या चमकतात. या तबकडीच्या रेघा बाहेरच्या काठापासून आत, निम्म्याच्या जरा पुढेपर्यंत राखाडी पडल्या होत्या. तिथून आत पुन्हा लखलखीत.

केसलरचं म्हणणं पडलं, की कुणीतरी कापडाने घासलंय. ऑर्फाने वाकून पाहिलं. आयुष्यभर इस्त्री केलेल्या बाईला डाग कसा पडतो ते कळतं. "घासलं असतं तर कुठे जास्त, कुठे कमी झालं असतं, साहेब," ती म्हणाली. "हे कंपासने काढल्यासारखं गोल आहे. हे वाजवलंय. आणि इथे येऊन सुई उचललीय."

केसलरचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की ऐकलं की मरतं. म्हणजे ज्याने वाजवलं त्याने ठरवून मारलं. त्यात कारखान्याचा रखवालदार पुढे आला आणि म्हणाला, साडेबाराच्या सुमाराला बोळातल्या उंच पोराला मागच्या दाराने घाईघाईने बाहेर पडताना पाहिलं. सगळ्यांच्या माना लुशियसकडे वळल्या. त्याच्या उजव्या कफाला मेणाचा पिवळसर भुगा चिकटला होता.

"तुला काय बोलायचंय?" केसलरने विचारलं.

लुशियसने कफ बाहीत दुमडला.

केसलरने भिंतीवरच्या टेलिफोनकडे बोट केलं. कंपनीचा माल नासला आहे, शेरीफला बोलावणं भाग आहे. शेरीफ हा शब्द ऐकल्यावर ट्रॉम्बोन आणि बँजो वाजवणारे दोघे पेटवे भाऊ उठून भिंतीला लागले. या गावात काळ्या माणसाला खानावळीत बसायला जागा नव्हती, मुक्कामाला नव्हती, आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर तर अजिबात नव्हती. पाच-चाळीसची गाडी सुटली आणि लुशियस तिच्यात नसला, तर उद्या तो कुठे सापडेल याचा विचार कुणालाच करायचा नव्हता.

ऑर्फाने एका तासाची मुदत मागितली. केसलर तिला जरा मानत होता. सकाळी तबकड्यांच्या यादीतल्या त्याच्या चुका तिने, त्याला न लाजवता, दुरुस्त केल्या होत्या.

"आणि कुणी नकळत केलं असेल तर?" तिने विचारलं.

"नकळत? मी काय मुक्याने सांगितलं होतं?" तो म्हणाला. "ज्याने माझं बोलणं ऐकलं नाही असा एक माणूस मला दाखव. मग चूक माझी. मी टेलिफोनला हात लावणार नाही, शेवटचं कोरं मेण काढतो आणि चाल पुन्हा घेतो. दाखव."

घड्याळात सव्वा वाजला होता.

३

स्कीट मालधक्क्यावर, आपल्या बंदी घातलेल्या ढोलाला टेकून बसला होता. सुट्टीभर त्याने तो बडवला होता. आल्यासारखं निदान हवेला तरी ऐकू जावं म्हणून. त्यामुळे त्याची साक्ष काढायची गरजच नव्हती. अख्ख्या मिलर्सफर्डने त्याला ऐकलं होतं. पेटवे बंधू त्याच्या शेजारीच कोंबडीची हाडं चोखत होते आणि नंतर टोप्या तोंडावर घेऊन झोपले होते.

ऑर्फाने त्याला एवढंच विचारलं, की तू वाजवत असताना आतून काही ऐकू आलं का? बंद खोलीत मेण वाजलं तरी कर्ण्याचा आवाज धक्क्यापर्यंत यायला हवा.

स्कीट म्हणाला, काही नाही. मध्ये एक मालगाडी गेली तेवढीच. तिच्या पुढे त्याचा ढोलही हरला, म्हणून चार-पाच मिनिटं त्याने हात थांबवले होते.

केसलरच्या भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक टांगलेलं होतं. गाडी आली की कोरणं थांबवावं लागे. मालगाडी बारा-पंचवीसची. म्हणजे ज्याने मेण ऐकलं त्याने गाडीच्या आवाजाचं पांघरूण घेतलं आणि स्वतःचा कान कर्ण्याला लावला. मेण मारायचं असेल तर कान लावायची काय गरज? चाकूची एक रेघ पुरली असती.

"बारा-पंचवीसला इथे कोण नव्हतं?" तिने विचारलं.

स्कीटने बोटं मोजली. लुशियस पाणी आणायला गेला होता. लाव्हीनसाहेब नेहमीप्रमाणे आपला डबा घेऊन वेगळे बसले होते. "आणि पापा... पापा हल्ली चारचौघांत जेवत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. वर्ष झालं, पापा कोंबडी खात नव्हते. मक्याची भाकर ताकात कुस्करून, पाठ फिरवून खात.

"स्कीट, सकाळी झांजेचं काय म्हणत होतास?"

"मी? काही नाही."

"ब्रेकला झांज नसली तर, म्हणालास."

"बाई," स्कीट म्हणाला, आणि तो पहिल्यांदाच चेष्टेत बोलत नव्हता, "तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसता, पण तुमचे कान काही पाठमोरे नसतात. मला कशाला बोलायला लावता?"

४

आरिस्टीड लाव्हीन लाकडांच्या ढिगामागच्या बाकावर बसून सफरचंद सोलत होता, सबंध साल एका सलग फितीत. न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या थरातला, मिश्र रक्ताचा क्रिओल, आजोबांपासून फ्रेंच बोलणारं घराणं. क्लॅरिनेटवर त्याचा हात असा होता की त्याचा तोरा लोक सोसत.

ऑर्फाने त्याच्यापाशी आडपडदा ठेवला नाही. 'फेरीघाट'च्या शेवटच्या फेरीत त्याचं क्लॅरिनेट चिरकलं होतं, आणि हे मेण बाहेर जाता कामा नये असं तो सगळ्यांसमोर बोलला होता.

"अजूनही म्हणतो," लाव्हीन म्हणाला. "चिरकलो. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर क्लॅरिनेट माझ्या डोक्यात घातलं असतं. पण मादाम, मी ते ऐकायला गेलो असतो तर सुई शेवटापर्यंत नेली असती. माझं पाप शेवटी आहे. तुमच्या त्या वर्तुळाच्या बरंच आत."

खरं होतं. राखाडी रेघा निम्म्याच्या जरा पुढे थांबल्या होत्या. आणि निम्म्याच्या जरा पुढे 'फेरीघाट'मध्ये काय येतं हे ऑर्फाला बोटांत पाठ होतं. तिथे तिचे दोन्ही हात पियानोवरून उचललेले असायचे. तिथे ब्रेक संपायचा.

लाव्हीनने सालीची फीत बाकावर ठेवली. "आपल्याकडे अळीमिळी गुपचिळी चालली आहे, मादाम. दीड वर्ष. मला वाटतं ती आज कुणाला तरी महागात पडणार. मी उघडणार नाही तोंड. त्या माणसाने मला पहिल्यांदा, गोऱ्यांच्या वाद्यवृंदातून हाकलल्यावर, पोटाला दिलंय."

लुशियस पंपापाशी उभा होता. अठ्ठावीस वर्षांचा, उंच, स्वतःच्या उंचीबद्दल कायम माफी मागत असल्यासारखा वाकलेला. ऑर्फाने त्याच्या कफाकडे पाहिलं, मग कोटाच्या फुगलेल्या खिशाकडे.

"तू वाजवलं नाहीस," ती म्हणाली. "केसलर बोलला तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास. मेण मरतं हे तुला ठाऊक होतं. आणि तुला ते मारायचं कारणही नाही. त्या मेणात तू जन्मात वाजवलं नव्हतंस तसं वाजवलंस."

लुशियसचा हात खिशाकडे गेला.

"खिशात काय आहे?"

"काही नाही, मिस ऑर्फा."

"निळा काठ आहे. कोपऱ्यात गंजासारखा डाग, तो मी दोनदा मिठात भिजवूनही गेला नाही. काल रात्री मीच इस्त्री केली आहे त्याला. आणि दुपारपासून पापांच्या कॉर्नेटवर पांढरा रुमाल आहे. हा तुला यंत्रावर सापडला."

लुशियसने मग सांगून टाकलं. पाणी घेऊन येताना बोळातून जात होता, दार उघडं दिसलं, आत कुणी नव्हतं, मेणाच्या भुग्यात रुमाल पडलेला. उचलला आणि पळाला. एवढंच.

"तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तर विचारता कशाला?" तो म्हणाला. "आणि विचारलंत तर उत्तर घेऊन कुठे जाणार? त्या साहेबाच्या करारात काय लिहिलंय ते वाचलंय मी. 'शिकागोतील सर्वांत मोठा कॉर्नेटवादक.' एकाच माणसाचं नाव आहे त्यात. ते गेलं तर तबकडी गेली, बँड गेला, आणि पापांकडे राहिलं काय? त्यापेक्षा मीच सांगतो मी केलं."

"आणि शेरीफ?"

"बघू," लुशियस म्हणाला. पण पंपाचा दांडा त्याने सोडला नव्हता.

५

पापा कारखान्याच्या पायरीवर एकटेच बसले होते. पायांशी ताकाचा डबा, मांडीवर कॉर्नेट, त्यावर पांढरा रुमाल. रुळांवरून ऊन हटत चाललं होतं. ऑर्फा त्यांच्या शेजारी बसली. पायरी तिच्या गुडघ्यांना फार खाली होती, आणि खाली बसताना तिने नेहमीसारखं देवाचं नाव घेतलं.

तिला सगळं कळलं होतं, आणि कळल्यामुळेच जीव थाऱ्यावर नव्हता. गप्प बसलं तर लुशियस जाणार. बोललं तर हा माणूस.

"मी चुकीचा प्रश्न विचारत होते, पापा," ती म्हणाली. "मेण कुणाला मारायचं होतं, असा. विचारायला हवं होतं, ते मरतं हे कुणाला माहीत नव्हतं. केसलर बोलला तेव्हा खोलीत आम्ही सहाजण होतो. सातवा पंपावर चूळ भरत होता. तो परत आला, सुई कशी टेकवतात ते पाहिलं, आणि म्हणाला, परत एकदा लावा की. आम्हाला वाटलं, चेष्टा. ती चेष्टा नव्हती."

दूर कुठे तरी इंजिनाची शिट्टी झाली.

"त्याला मेणाचं वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त ऐकायचं होतं. तेसुद्धा सगळं नाही, ब्रेकपर्यंत."

"ऑर्फा," पापा म्हणाले, "नाचघरात ब्रेकला स्कीट झांज मारतो. लोक ओरडतात, फरशी हादरते. त्या गोंधळात माणसाला आपलंच काही कळत नाही. पण आज झांज नव्हती." ते कॉर्नेटच्या तोंडावरून अंगठा फिरवत होते. "आज ब्रेकला माझे ओठ थांबले. पण आवाज नाही थांबला. मी म्हटलं, हा कुठला चमत्कार, जरा ऐकावा तरी."

"आणि?"

"चमत्कार लांबून येत होता. बारा पावलांवरून." ते हसल्यासारखे झाले, पण ओठ मिटूनच. "मी त्या कर्ण्याला नाक लावून उभा होतो, ऑर्फा. मी असतो तर जवळून आलो असतो."

तिला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला असता तर दोघंही तिथेच विरघळली असती, म्हणून तिने ताकाचा डबा उचलून झाकण लावलं. पुढचं वाक्य तिला येत होतं. गेली दीड वर्षं सगळ्या बँडला येत होतं. प्रत्येक रुमाल धुताना तिच्या ओठांवर यायचं आणि फेसाबरोबर वाहून जायचं.

"तो रुमाल लुशियसने उचलला," ती एवढंच म्हणाली. "आत जाऊन तो सांगणार आहे की त्यानेच केलं."

पापांची बोटं थांबली.

"पाच-चाळीसची गाडी आहे, पापा. सातजण आलो होतो. सातजण परत जायचंय." ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, आणि त्यांच्याकडे न बघता आत गेली.

६

सव्वादोन वाजले होते. केसलर टेलिफोनपाशी उभा होता. लुशियस खोलीच्या मधोमध, टोपी हातात. लाव्हीन दाराला टेकलेला. स्कीटने लाकडाचा ठोकळा पोटाशी धरला होता.

केसलरने ऑर्फाला विचारलं, मिळाला का तुझा तो न ऐकलेला माणूस?

ऑर्फाने तोंड उघडलं. आयुष्यात तिला शब्द कधी कमी पडले नव्हते. चर्चच्या पाद्रीसमोरही नाही.

"मी केलं," लुशियस तिच्या आधी म्हणाला. "मुद्दाम केलं. हेव्याने."

स्कीटच्या हातून ठोकळा पडला. केसलरने मान हलवली, जशी आपलं अनुमान खरं ठरल्यावर माणसं हलवतात, आणि टेलिफोनचं नळकांडं आकड्यावरून काढलं.

तेवढ्यात पापा आत आले. दारातून आडवं होऊन यावं लागे त्यांना. त्यांनी केसलरकडे पाहिलं नाही, कुणाकडेच नाही. सरळ लुशियसपाशी गेले, त्याचं कोपर धरलं, आणि त्याला चालवत कर्ण्यासमोर नेऊन उभं केलं. अगदी जवळ नाही, मोठ्या आवाजाच्या माणसाला शोभेल इतक्या अंतरावर. त्याच्या खिशातून निळ्या काठाचा रुमाल ओढून काढला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मग कॉर्नेटवरचा पांढराही काढला. सगळ्यांनी पहिल्यांदाच पापांची बोटं उघडी पाहिली. साधी बोटं होती, सांध्यांत सुजलेली.

मग पापा मागे मागे चालत दाराबाहेर, बोळात, लुशियसच्या जागी जाऊन उभे राहिले. बारा पावलं.

"गिड्री, हे काय चाललंय?" केसलर म्हणाला. नळकांडं अजून त्याच्या हातातच होतं. "तुझी जागा इथे आहे."

"नाही, साहेब. तुम्ही सकाळी माझी जागा पुढे पुढे सरकवत होतात ना, तेव्हाच तुमच्या कानाला कळलं होतं. डोक्याला कळायला वेळ लागला." पापांचा आवाज बोळातून येत होता, तरी स्वच्छ ऐकू येत होता. "मेण मी वाजवलं. मी पंपावर होतो, तुमचं बोलणं ऐकलं नाही. विचारा या सगळ्यांना. पोराने माझ्यासाठी खोटं सांगितलं."

"पण तू कशाला वाजवशील? तुझंच तर वाजवणं होतं त्यात."

लाव्हीनने डोळे मिटले. ऑर्फा पियानोच्या स्टुलावर बसली. लुशियस मागे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर गयावया होती, नको, पापा, नको.

पापांनी ओठ उघडले. पुढचे दोन दात नव्हतेच, तिसरा हिरडीत कलला होता, आणि हिरडी लाल होती.

"ते मी नव्हतो, साहेब," ते म्हणाले. "दीड वर्षं मी नाहीच. वरचे सगळे सूर हा लुशियस वाजवतो आणि ही सगळी माणसं माझी लाज राखतात. मला आता वाजवता येत नाही."